वेल्सकडून बॅडमिंटन खेळून पुढे काय?

प्रश्न असा आहे: "आम्ही मूळचे साताऱ्याचे, बरीच वर्षं कार्डिफला आहोत. मुलगी तेरा वर्षांची आहे, बॅडमिंटन मनापासून खेळते. तिचे कोच म्हणतात, दोनेक वर्षांत ती वेल्सच्या ज्युनिअर संघात येऊ शकेल. पण वेल्सकडून खेळून पुढे होतं काय? त्याला करिअर म्हणता येईल का? की आत्ताच इंग्लंडकडे वळवावं?"

वेल्सची लोकसंख्या सुमारे ३१ लाख. २०११ च्या जनगणनेत पुणे महापालिकेच्या हद्दीत साधारण एवढीच माणसं होती. एवढ्या लोकांतून संघ निवडायचा आणि डेन्मार्क, इंडोनेशिया, चीनच्या पोरांसमोर उभा करायचा, असं ते गणित आहे. (पुण्याशी तुलना वेल्सवर जरा अन्यायच करते. पुण्यात बॅडमिंटन घराघरांत खेळतात, तर वेल्समध्ये मुलांना आधी रग्बी दिसतो, मग फुटबॉल, आणि उरलं तर बाकीचं.) म्हणून पहिलं उत्तर देऊन टाकतो. तुमच्या मुलीला वेल्सच्या संघात जागा मिळणं महाराष्ट्राच्या संघात येण्यापेक्षा सोपं जाईल. खरा चढ त्यानंतर सुरू होतो आणि त्याबद्दल कोणी नीट बोलत नाही.

मी स्वतः महाराष्ट्रात जिल्हा आणि विद्यापीठ पातळीवर खेळलो. इंग्लंडच्या मिडलंड्समध्ये बरीच वर्षं कोचिंग करतोय आणि शनिवार-रविवारी सरावाला वेल्सहून येणारी मुलं माझ्याकडे नेहमीच असतात. त्यांच्या आईबापांचा गाडीत बसता बसता विचारलेला प्रश्न हाच असतो, म्हणून जरा लांबण लावतोय.

वेल्सच्या खेळाडूचं करिअर कुठवर जाऊ शकतं हे बघायचं तर केली मॉर्गनकडे बघा. १९९८ साली क्वालालंपूरला राष्ट्रकुल स्पर्धा झाल्या, आशियात पहिल्यांदाच. महिला एकेरीच्या अंतिम फेरीत एका बाजूला वेल्सची केली मॉर्गन, वय २३. दुसऱ्या बाजूला आपल्या मुंबईची अपर्णा पोपट, वय २०. मॉर्गन जिंकली. त्या अख्ख्या स्पर्धेत वेल्सला सुवर्णपदकं मिळाली तीन: इवान थॉमसचं ४०० मीटर धावण्यात, एक नेमबाजीत आणि हे तिसरं. राष्ट्रकुल स्पर्धांमध्ये बॅडमिंटन १९६६ पासून आहे, आणि या खेळातलं वेल्सचं सुवर्ण आजवर तेवढंच.

आपल्याकडे त्या सामन्याची आठवण अपर्णाचं रौप्य म्हणून आहे, आणि ते बरोबरच आहे. १९९६ ला ती जागतिक ज्युनिअर स्पर्धेत उपविजेती ठरली होती, मुंबईहून बंगळुरूला प्रकाश पडुकोण यांच्या अकादमीत गेली होती, आणि पुढे सलग नऊ राष्ट्रीय विजेतेपदं घेऊन पडुकोण यांच्याच विक्रमाशी तिने बरोबरी केली. या दोघींचे रस्ते पुढे कसे गेले ते बघण्यासारखं आहे. २००४ च्या अथेन्स ऑलिम्पिकला दोघीही होत्या. अपर्णाच्या पाठीवर भारताचं नाव होतं. मॉर्गनच्या पाठीवर वेल्सचं नव्हतं, ग्रेट ब्रिटनचं होतं. त्याच वर्षी पुरुष एकेरीत वेल्सचा रिचर्ड वॉन ऑलिम्पिक खेळला, तोही ब्रिटनकडूनच.

तुमच्या प्रश्नाची गाठ इथेच आहे. बॅडमिंटनमध्ये वेल्स पूर्ण देश आहे. १९३४ ला आंतरराष्ट्रीय महासंघ स्थापन झाला तेव्हा नऊ संस्थापक सदस्य होते, त्यात वेल्स होता. भारत नव्हता, आपण नंतर आलो. त्यामुळे जागतिक अजिंक्यपद, थॉमस-उबर आणि सुदिरमान या सांघिक स्पर्धा, युरोपियन स्पर्धा, राष्ट्रकुल, सगळीकडे वेल्स वेल्स म्हणूनच उतरतो. फक्त ऑलिम्पिकला इंग्लंड, स्कॉटलंड आणि वेल्स मिळून एक संघ होतो. आणि ऑलिम्पिकच्या एकेरीत एका देशाला सहसा एकच जागा असते. दुसरी जागा दोघी जगात पहिल्या सोळात असतील तरच. म्हणजे वेल्सच्या मुलीला ऑलिम्पिकला जायचं तर वेल्समध्ये पहिली येऊन भागत नाही, अख्ख्या ब्रिटनमध्ये पहिली यावं लागतं. रिओ, टोकियो आणि पॅरिस या तिन्ही ऑलिम्पिकमध्ये महिला एकेरीची ती जागा स्कॉटलंडच्या कर्स्टी गिलमोरने घेतली. सलग तीन ऑलिम्पिक एक बाई दारात उभी. ती चांगली आहे म्हणूनच उभी आहे, तक्रार नाही; पण तुमच्या मुलीच्या आधीच्या पिढीतल्या वेल्सच्या मुलींचं ऑलिम्पिक त्या दारातच अडकलं.

गिलमोरकडे दुसऱ्या बाजूनेही बघता येतं. स्कॉटलंडही काही बॅडमिंटनची महासत्ता नाही. तरी २०१४ ला ग्लासगोत तिने राष्ट्रकुलचं रौप्य मिळवलं आणि २०१८ ला गोल्ड कोस्टला कांस्य. लहान देशातून असं होतं. फक्त दर पिढीत होत नाही, आणि व्यवस्थेच्या जोरावर तर क्वचितच. एखादी मुलगी, एखादा कोच आणि हट्ट धरून बसलेलं एखादं घर यांच्या जोरावर होतं.

ऑलिम्पिक असं अडलेलं असल्यामुळे वेल्सच्या खेळाडूचं सगळं करिअर राष्ट्रकुल स्पर्धेभोवती फिरतं. अंगावर स्वतःच्या देशाचं नाव, टीव्हीवर सामना आणि पदकाची खरी शक्यता, या तिन्ही गोष्टी एकत्र मिळतात त्या चार वर्षांतून एकदा, तिथेच. निधी, निवड, दुखापतीतून परत कधी यायचं, सगळं त्या तारखेपासून उलटं मोजलं जातं. म्हणून २०२६ चा फटका वेल्सला सगळ्यात जास्त बसला. ग्लासगोची स्पर्धा दहा खेळांपुरती आखडली आणि त्यात बॅडमिंटन गेलं. १९६६ नंतर पहिल्यांदाच. ज्यांचं वय आत्ता तेवीस-चोवीस आहे त्यांची मोक्याची स्पर्धाच कॅलेंडरवरून पुसली गेली. तुमची मुलगी या बाबतीत नशीबवान आहे. २०३० ची स्पर्धा अहमदाबादला आहे. यजमान भारत असताना बॅडमिंटन बाहेर राहील असं मला वाटत नाही. तेव्हा ती संघाच्या उंबरठ्यावर असेल, आणि तिचा खरा काळ २०३४ चा. आत्ता एवढंच डोक्यात ठेवा.

आता अवघड भागाकडे येतो. वेल्सच्या मुलांकडे कोच असतात, हॉल असतो; नसतं ते स्पारिंग, म्हणजे तोडीच्या खेळाडूंशी रोजचा सराव. कार्डिफच्या सोफिया गार्डन्समध्ये राष्ट्रीय क्रीडा केंद्र आहे, सोयी उत्तम आहेत. पण जगात पहिल्या शंभरात येऊ पाहणाऱ्या मुलीला आठवड्यातून चार-पाच दिवस तिच्या तोडीच्या किंवा तिच्यापेक्षा वरच्या सहा-सात वेगवेगळ्या खेळाडू लागतात. वेगवेगळ्या हे महत्त्वाचं. एक डावखुरी हवी, एक नेटवर फसवणारी, एक नुसती परत परत मारून दमवणारी. हैदराबादला गोपीचंद यांच्याकडे ही रांग शेजारच्या कोर्टवर उभी असते. वेल्समध्ये त्या वयाच्या, त्या पातळीच्या मुली एका हाताच्या बोटांवर मोजाव्यात आणि त्यातल्या निम्म्या दुहेरीवाल्या.

मग कोच काय करतात? दोघांविरुद्ध एक खेळवतात. समोर दोन मुलगे उभे करायचे, एक पुढे एक मागे, आणि मुलीने एकटीने अख्खं कोर्ट सांभाळायचं. शटल जमिनीवर पडतच नाही. चाळीस सेकंदांच्या रॅलीनंतर पंधरा सेकंद विश्रांती, परत रॅली. पायांसाठी, दमासाठी हा सराव मस्त. मल्टीशटलही असतं: कोच हातात वीसेक शटलांची चळत धरून एकामागून एक टाकत राहतो, मुलगी कोपरा कोपरा गाठत राहते. पण या दोन्हींत एक गोष्ट शिकता येत नाही, ती म्हणजे प्रतिस्पर्ध्याच्या खांद्यावरून फटका ओळखणं. मागच्या कोपऱ्यातून ती स्मॅश मारणार, की मनगट थांबवून ड्रॉप टाकणार, हे कळायला तशा मनगटांसमोर शेकडो तास घालवावे लागतात. मुलग्यांशी खेळून वेग अंगवळणी पडतो. वरच्या दर्जाच्या मुलींची चाल मात्र त्यातून कळत नाही. वेल्सच्या मुली मोठ्या स्पर्धेत पहिल्या फेरीत हरतात तेव्हा पाय कमी पडलेले मी क्वचित पाहिले आहेत. पहिल्या सात-आठ गुणांत त्या अर्धा पाऊल उशिरा निघतात, एवढंच असतं.

मॉर्गनच्या काळात त्या सात-आठ गुणांची किंमत वेगळी होती. तेव्हा महिला एकेरीचा गेम अकरा गुणांचा असे आणि गुण फक्त स्वतःच्या सर्व्हिसवर मिळे. सुरुवात खराब झाली तरी समोरचीची सर्व्हिस तोडत, फलक जागच्या जागी ठेवत, तिला वाचायला वेळ मिळायचा. २००६ पासून प्रत्येक रॅलीला गुण आणि गेम एकवीसचा. दोन-नऊ मागे पडलात की अर्धा गेम गेला. माझ्या मते या बदलाने लहान देशांच्या खेळाडूंचं जास्त नुकसान केलं, कारण अनोळखी खेळाची सवय व्हायला लागणारा वेळच त्यांच्याकडून काढून घेतला. उलटं म्हणणारे कोचही आहेत. गेम कमी रॅलींत संपला की उलटफेराची शक्यता वाढते, असं ते म्हणतात. दुहेरीत ते खरं असेल.

हॉल आणि शटल यांबद्दलही बोलायला हवं, कारण भारतातून आलेल्या पालकांच्या हे लक्षात येत नाही. शटलच्या नळीवर वेगाचा आकडा असतो: ७६, ७७, ७८. थंड हवेत शटल आखूड पडतं, म्हणून हिवाळ्यात इथल्या हॉलमध्ये ७८, कधी ७९ चं शटल लागतं. क्वालालंपूर किंवा मुंबईच्या उकाड्यात तेच शटल बाहेर उडून जाईल. तिथे ७६ किंवा त्याहून हळू. नियमात चाचणी दिलेली आहे: मागच्या रेषेवर उभं राहून खालून पूर्ण ताकदीने सरळ मारायचं, शटल पलीकडच्या मागच्या रेषेच्या ५३० ते ९९० मिलिमीटर अलीकडे पडलं पाहिजे. तुमच्या मुलीला ही चाचणी स्वतः करायला शिकवा. थंड, वारा नसलेल्या हॉलमध्ये वाढलेली मुलं आशियात पहिल्यांदा खेळतात तेव्हा एसीच्या झोताने सरकणारं शटल बघून गोंधळतात. एका बाजूने मारलेला क्लिअर, म्हणजे उंच लांब फटका, लाइनच्या बाहेर, दुसऱ्या बाजूने अर्ध्या कोर्टात. उन्हाळ्याच्या सुट्टीत भारतात येता ना? आजीकडे महिनाभर राहायचंच आहे, तर पंधरा दिवस पुण्यात किंवा ठाण्यात एखाद्या चांगल्या हॉलमध्ये सकाळचा सराव लावून द्या. उकाडा, घाम, वेगळं शटल आणि आपल्या पोरींची नेटवरची हातचलाखी, सगळं एका तिकिटात मिळतं. वेल्सच्या तिच्या मैत्रिणींना हे मिळणार नाही.

पैशांचं सांगतो, आणि गोड करून सांगत नाही. बॅडमिंटनवर घर चालवणारे वेल्सचे खेळाडू जवळजवळ नाहीतच. जागतिक क्रमवारीत वर्षभरातल्या सर्वोत्तम दहा स्पर्धांचे गुण धरतात. सुरुवात तळाच्या फ्युचर सिरीजपासून. ती जिंकली तर १७०० गुण. इंटरनॅशनल सिरीज २५००, चॅलेंज ४०००. सर्वात वरच्या सुपर १००० च्या विजेत्याला १२०००. आता हिशेब करा: तळाच्या स्पर्धा एस्टोनियापासून पोर्तुगालपर्यंत पसरलेल्या, विमान-हॉटेलचा खर्च पुष्कळदा स्वतःचा आणि पहिल्या फेरीत हरलात तर हातात काहीच नाही. घरच्या मैदानावर वेल्श इंटरनॅशनल भरते तेव्हा तेवढा प्रवास वाचतो. निधी येतो तो पदकाच्या आशेवर. ब्रिटनमध्ये तर पदक मिळूनही जातो: रिओला पुरुष दुहेरीत कांस्य आलं आणि त्याच वर्षी डिसेंबरमध्ये यूके स्पोर्टने, म्हणजे खेळांना सरकारी निधी वाटणाऱ्या संस्थेने, पुढच्या ऑलिम्पिकसाठीचा बॅडमिंटनचा निधी काढून घेतला. मिल्टन कीन्सच्या राष्ट्रीय बॅडमिंटन केंद्रात तेव्हा काय सुतकी वातावरण होतं ते इथल्या कोणत्याही कोचला विचारा.

मग हे खेळाडू जगतात कसे? बरेचसे युनिव्हर्सिटीच्या आधाराने. कार्डिफ मेटसारख्या ठिकाणी अभ्यास आणि सराव एकाच आवारात होतो, आणि अठरा ते बावीस ही वर्षं निभतात. त्यानंतर ज्यांची पातळी चांगली असते ते युरोपातल्या क्लब लीगकडे वळतात. डेन्मार्क, जर्मनी, फ्रान्समधले क्लब परदेशी खेळाडूंना सामन्यामागे किंवा हंगामामागे पैसे देतात. श्रीमंत कोणी होत नाही, पण भाडं निघतं आणि त्याहून मोलाचं म्हणजे ते दुर्मीळ स्पारिंग मिळतं. सोबत कोचिंगचे तास. तिशीच्या आसपास बहुतेक जण पूर्णवेळ कोच, फिजिओ किंवा शिक्षक झालेले असतात. याला करिअर म्हणायचं की नाही ते तुम्ही ठरवा. मी म्हणतो, पण त्यावर गृहकर्ज काढायला सांगणार नाही.

इंग्लंडकडे वळवण्याबद्दल माझं मत स्पष्ट आहे: आत्ता नको. तेराव्या वर्षी कार्डिफहून इंग्लंडच्या संघात शिरायचं म्हणजे घर हलवायचं, शाळा बदलायची आणि जिथे तिच्यासारख्या चाळीस मुली आहेत तिथे एकेचाळिसावं व्हायचं. वेल्समध्ये तिला पंधराव्या-सोळाव्या वर्षी युरोपियन ज्युनिअर स्पर्धेत देशाकडून खेळायला मिळू शकतं. इंग्लंडमध्ये त्याच दर्जाच्या मुली तो अनुभव न घेताच वीस वर्षांच्या होतात. आंतरराष्ट्रीय सामन्यात हरण्याचा अनुभवसुद्धा क्लबमध्ये जिंकण्यापेक्षा जास्त शिकवतो. आणि एकदा एका देशाकडून खेळल्यावर देश बदलायचा तर मध्ये खंड घ्यावा लागतो, हेही लक्षात ठेवा. ती उडी दोनदा मारायची नसते. तेव्हा निवड वेल्सची ठेवा आणि सामने इंग्लंडचे खेळा. बर्मिंगहॅम कार्डिफहून ट्रेनने दोन तासांवर आहे. वेस्ट मिडलंड्स, ब्रिस्टल, ग्लॉस्टरशर इथल्या वयोगटांच्या स्पर्धांत महिन्यातून एकदा तरी तिला उतरवा. मार्चमध्ये बर्मिंगहॅमला ऑल इंग्लंड असते. मुख्य कोर्टपेक्षा तिला सरावाच्या कोर्टशेजारी उभं करता आलं तर बघा. अव्वल खेळाडू वॉर्मअपला किती साधे फटके किती वेळ मारत बसतात हे तिला दिसू दे.

एक घरगुती मुद्दा उरला. पासपोर्ट. राष्ट्रकुल स्पर्धेत वेल्सकडून खेळायला ब्रिटिश नागरिकत्व लागतं, आणि भारत दुहेरी नागरिकत्व मान्य करत नाही. ओसीआय (परदेशी नागरिकत्व घेतलेल्या भारतीयांना मिळतं ते) कार्डावर भारताकडूनही खेळता येत नाही. भारतीय संघासाठी भारतीय पासपोर्टच हवा. म्हणजे "दोन्ही दारं उघडी ठेवू" हा आपल्या आवडीचा मार्ग इथे बंद आहे. मुलीचा पासपोर्ट अजून भारतीय असेल तर हा निर्णय संघनिवडीच्या आदल्या महिन्यात घ्यायचा नाही. सोळाव्या वर्षाच्या आत घरात बसून बोला आणि त्या बोलण्यात तिलाही घ्या. आजोबांना वाईट वाटेल, ते वाटू दे.

सध्या तिच्या कोचला तीन गोष्टी विचारा. आठवड्यात किती तास ती स्वतःपेक्षा चांगल्या मुलींशी खेळते? मुलांशी नव्हे, मुलींशी. तिचा बॅकहँड कोपऱ्यातला पहिला फटका दबावाखाली कुठे पडतो, याचे व्हिडिओ काढून ठेवलेत का? आणि वाढीच्या वयात तिच्या गुडघ्या-टाचांसाठी ताकदीचा व्यायाम कोण बघतंय? तिसऱ्या प्रश्नाला "ते आपोआप होतं" असं उत्तर आलं तर दुसरा कोच शोधा. तेरा ते सोळा या वयात टाचेच्या आणि गुडघ्याखालच्या दुखण्यानेही मुली खेळ सोडतात. पहिल्या प्रश्नाचं उत्तर दोन तासांच्या खाली असेल तर शनिवारी सकाळी ब्रिस्टलची गाडी पकडायला लागा.